सीलबंद डबा, रिकामे सॉकेट: जुन्या टर्बाइन कंट्रोलरच्या एका कार्डाचे प्रकरण

एका वाफेच्या टर्बाइनच्या कंट्रोल पॅनेलमधले एक ॲनालॉग कार्ड, म्हणजे मोजमापांचे सिग्नल घेणारा आणि व्हॉल्व्हला हुकूम देणारा सर्किट बोर्ड, गेले. ते परत उभे करायला आम्हाला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत कुठे बरोबर ठरवले, कुठे चुकलो आणि कुठे नुसते नशिबाने वाचलो, ते इथे लिहिले आहे. कारखाना, कंट्रोलर बनवणारी कंपनी आणि विक्रेते यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. १९९० च्या दशकातल्या तीन-चॅनेल कंट्रोलरवर ज्यांनी हात काळे केले आहेत, त्यांना पॅनेल कोणाचेही असले तरी गोष्ट ओळखीची वाटेल.

पार्श्वभूमी

सेट (टर्बाइन आणि जनरेटर मिळून) साधारण ३० मेगावॉटचा, १९९६ साली चालू झालेला. कंडेन्सिंग टर्बाइन, मधल्या टप्प्यातून प्रक्रियेसाठी वाफ काढलेली. सेट अचानक पडला तर वीज बाहेरून घेता येते आणि वाफ पीआरडीएसमधून (वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या स्टेशनातून) देता येते, पण दोन्ही एकदम सांभाळताना प्रक्रिया एकदा तरी आडवी होतेच. म्हणून या सेटच्या ट्रिपला, म्हणजे अचानक बंद पडण्याला, सगळेच घाबरून असतात.

गव्हर्नरचे, म्हणजे टर्बाइनचा वेग आणि लोड सांभाळण्याचे, काम करणाऱ्या पॅनेलमध्ये तीन स्वतंत्र चॅनेल आहेत. प्रत्येकाचा प्रोसेसर वेगळा, पॉवर सप्लाय वेगळा, ॲनालॉग कार्ड वेगळे. वेग, दाब, व्हॉल्व्हची स्थिती असे प्रत्येक मोजमाप तिन्ही चॅनेल आपापले घेतात आणि मधले मूल्य धरतात. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सर्व्होलाही तीन कॉइल आहेत, प्रत्येक चॅनेलची एक. एक कॉइल मेली तर उरलेल्या दोन ओढून नेतात. ओव्हरस्पीडचे संरक्षण मात्र या पॅनेलवर अवलंबून नाही. त्यासाठी वेगळे प्रोब आणि वेगळा रॅक आहे, आणि शिवाय शाफ्टवर नेहमीच्या वेगाच्या ११० टक्क्यांच्या आसपास उडणारा यांत्रिक बोल्ट आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

कंपनीने हा कंट्रोलर बनवणे कधीच बंद केले होते. बंद करण्याआधी ‘शेवटची ऑर्डर द्या’ असे पत्र पाठवण्याची पद्धत असते, तसे आम्हालाही आले होते. ते पत्र परचेसमधल्या एका अधिकाऱ्याच्या नावाने आले आणि तोवर तो अधिकारी निवृत्त झालेला होता. हे आम्हाला खूप नंतर, जुन्या फायली चाळताना कळले. इन्स्ट्रुमेंट विभागापर्यंत ते पोचलेच नाही.

काय घडले

रात्रपाळीत तिसऱ्या चॅनेलचे डायग्नोस्टिक अलार्म एकामागून एक आले: एलव्हीडीटीचे (व्हॉल्व्हची स्थिती मोजणाऱ्या सेन्सरचे) वाचन जुळत नाही, सर्व्हो करंट शून्य, मिलिॲम्पिअर इनपुट खराब. मेगावॉटचा काटा जागचा हलला नाही. ऑपरेटरने लॉगबुकात लिहिले, ‘चॅनेल तीन डायग्नोस्टिक. मशीन नॉर्मल.’ त्याचे काही चुकले नाही, मशीन खरेच नॉर्मल होती. तीन चॅनेलच्या रचनेचा गुणही हाच आणि खोडही हीच: पहिला फटका बसतो तेव्हा कोणाला दुखत नाही.

सकाळी आमचा माणूस पॅनेलपाशी गेला. तिसऱ्या चॅनेलचा स्वतंत्र स्विच बंद केला, रिबन केबल सोडवल्या, कार्ड बाहेर काढले. कार्डावरचे ±१५ व्होल्ट मरून पडले होते, डीसी-डीसी कन्व्हर्टरचे छोटे मॉड्यूल गेले होते. निदान अचूक होते. पण चालू मशीनच्या पॅनेलमध्ये हात घालायचा की नाही, हा स्वतंत्र निर्णय होता, आणि तो कोणी घेतलाच नाही. ‘चॅनेल तसाही बंदच आहे’ म्हणून तो आपोआप झाला. शेजारच्या चॅनेलची रिबन केबल धक्क्याने सैल झाली असती, तर हा लेख वेगळ्या शीर्षकाने लिहावा लागला असता.

डबा उघडला तेव्हा

स्टोअरच्या संगणकात शिल्लक दिसत होती: एक. २००३ साली घेतलेले कार्ड, कंपनीच्या मूळ डब्यात, सील न तुटलेले. डबा आला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल झाले.

गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवीतून कार्ड बाहेर काढले. नवे कोरे. सोन्याचा मुलामा दिलेल्या कडेवर एकही ओरखडा नाही. आणि कार्डाच्या मधोमध, जिथे आमच्या मेलेल्या कार्डावर पांढरे स्टिकर लावलेले दोन ईप्रॉम (कार्डाचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपा) बसले होते, तिथे अठ्ठावीस पायांची दोन रिकामी सॉकेट.

मग भाग क्रमांक नीट वाचला. या घराण्यातल्या कार्डांचा क्रमांक लांबलचक असतो. सुरुवातीची अक्षरे सांगतात की कार्ड नुसते आहे की फर्मवेअरसकट (चिपांतल्या प्रोग्रॅमसकट), मधली अक्षरे सांगतात कार्ड कोणते, आणि शेवटची दोन-तीन अक्षरे आवृत्ती सांगतात. आमच्या खरेदीच्या कागदावर फक्त मधला भाग होता. त्यामुळे आले ते फर्मवेअर नसलेले, आणि आमच्यापेक्षा दोन आवृत्त्या पुढचे. कार्ड घेतले तेव्हा डबा कोणी उघडलाच नव्हता. सील तुटले की परत घेत नाहीत, ही भीती. पंधरा वर्षांहून अधिक काळ एक स्पेअर ताळेबंदात होता, जागेवर होता, आणि उपयोगाचा नव्हता.

मेलेल्या कार्डावरचे ईप्रॉम उपटून नव्यावर बसवावेत, हा विचार तिथेच निघाला. एकाने स्क्रू ड्रायव्हरही उचलला होता. पण पुढच्या आवृत्तीच्या कार्डावर जुने फर्मवेअर चालते की नाही, हे सांगणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता. तसे कार्ड चालू मशीनच्या मतदानात, म्हणजे तीन चॅनेलमधून मधले मूल्य निवडण्यात, बसवणे म्हणजे बंद असलेल्या तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी खोटे बोलू शकणारा साक्षीदार उभा करणे. गप्प बसलेला चॅनेल परवडतो. चुकीचे आकडे ठामपणे सांगणारा चॅनेल परवडत नाही.

पहिला निर्णय: चालवायचे की थांबवायचे

त्याच दुपारी बैठक झाली. उत्पादन विभागाचा प्रश्न एकच होता: मशीन चालू आहे ना? मग अडचण काय?

अडचण अशी की तीन साक्षीदार असताना एक चुकला तर कोण चुकला ते कळते. दोनच उरले आणि त्यांचे पटेना, तर खरे कोण बोलतोय हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी कंट्रोलर सुरक्षित बाजूला झुकतो, म्हणजे बहुतेक ट्रिप. सर्व्होचेही तसेच. सर्व्होमध्ये व्हॉल्व्ह बंद करण्याकडे ओढणारी स्प्रिंगची ओढ मुद्दाम ठेवलेली असते. दोन कॉइल तिला पुरून उरतात, एकटी कॉइल पुरेल याची खात्री नाही. दुसरा बिघाड झाला तर मशीन फुटणार नव्हती, पण पडणार नक्की. आणि पडल्यावर हाताशी कार्ड नाही, म्हणजे तशीच दोन चॅनेलवर पुन्हा उचलावी लागणार.

ओव्हरस्पीडचे संरक्षण पूर्ण शाबूत होते, म्हणून चालवत राहायचे ठरले. ते संरक्षण याच पॅनेलमधून येत असते, तर मी विरोधात लिहून दिले असते. अटी घातल्या: पॅनेलमध्ये कोणतेही काम नाही, व्हॉल्व्ह पूर्ण हलवण्याच्या चाचण्या बंद, पॅनेलच्या खोलीतला एसी आणि १२५ व्होल्ट डीसीचा अर्थ फॉल्ट (जमिनीकडे होणारी गळती) प्रत्येक पाळीत तपासायचा, आणि चॅनेल तीनचा अलार्म कोणीही दाबून टाकायचा नाही. शेवटची अट सर्वांत जड गेली. कायम पेटलेला अलार्म दोन आठवड्यांत भिंतीचा भाग होतो. मग आम्ही पाळी बदलताना पहिल्या आणि दुसऱ्या चॅनेलच्या सर्व्हो करंटचे आकडे हाताने लिहायला लावले. ते दोन आकडे एकमेकांपासून दूर सरकू लागले तर दुसरा बिघाड येतो आहे हे आधी समजले असते.

पर्याय

पूर्ण कंट्रोलर बदलणे हा पर्याय कंपनीने पहिल्याच फोनवर सुचवला. खोटे नाही, शेवटी तेच करायचे होते. पण नव्या पॅनेलला डिझाइन, केबल, लॉजिकची तपासणी आणि मोठा शटडाउन लागतो. तो विषय वर्षादीडवर्षाचा, आमची अडचण आजची.

कार्डाची नक्कल बनवून घेणे हे कागदावर आकर्षक दिसते. हल्ली स्कीमॅटिक उलगडून तसेच कार्ड करून देणारे लोक आहेत. पण या कार्डावर एक प्रोग्रॅमेबल लॉजिक चिप होती आणि तिचा सुरक्षा बिट लावलेला होता. म्हणजे आतला मजकूर वाचता येत नाही, वर्तनावरून अंदाज बांधावा लागतो. एका कार्डासाठी तेवढे करण्यात अर्थ नव्हता.

उरले तीन मार्ग: सरप्लस (उरलेले, जुने भाग विकणाऱ्या) बाजारातून घेणे, मेलेले कार्ड दुरुस्त करणे, किंवा हीच मशीन असलेल्या आणि ती काढून टाकलेल्या दुसऱ्या कारखान्याकडून मिळवणे. आम्ही तिन्ही एकदम सुरू केले. घाईत ते शहाणपणाचे वाटले.

बाजार

परचेसने सात ब्रोकरना चौकशी पाठवली. चार दिवसांत पाच कोटेशन आली, पाचही जणांकडे ‘स्टॉकमध्ये’. आवृत्तीची अक्षरे विचारली तर दोघांनी ‘कोणतीही चालते’ असे कळवले, आणि तिथेच ते दोघे बाद झाले. उरलेल्या तिघांकडे कार्डाचे फोटो मागितले. तिघांनी पाठवले. तिन्ही फोटोंत कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात, माउंटिंगच्या भोकाशेजारी, एकच बारीक खरचटा होता. निळ्या कापडावरची घडीसुद्धा तीच. कार्ड जगात कुठेतरी एका फळीवर एकच होते, आणि तिघे जण तेच विकत होते.

यातला दुसरा भाग आम्हाला उशिरा समजला. सात ठिकाणी केलेली चौकशी त्या एका फळीवाल्याकडे चार-पाच दिशांनी पोचते. त्याला वाटते, चार-पाच गिऱ्हाइके एकाच कार्डाच्या मागे लागली आहेत. दुसऱ्या आठवड्यात तिघांचेही भाव वाढून आले. आमचा भाव आम्हीच चढवला होता.

तरीही त्यातले एक घेतले, ‘नवे, न वापरलेले’ म्हणून. पाचव्या आठवड्यात आले. आवृत्तीची अक्षरे आमचीच होती, ईप्रॉम होते, वरवर सगळे चांगले. मग भिंगाखाली धरले.

कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर उभे ओरखडे होते, म्हणजे कार्ड निदान काही वेळा स्लॉटमध्ये जाऊन आलेले. ते एकवेळ चालले असते. पण ॲनालॉग भागातल्या दोन चिपांचा काळा पृष्ठभाग शेजारच्यांपेक्षा जरा जास्त गुळगुळीत, आणि पहिल्या पायाची खूण सांगणारी गोल खळगी अर्धी बुजलेली. चिपवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे: ९६१४ म्हणजे १९९६ चा चौदावा आठवडा. या दोन चिपांवर ९८ सालचे आकडे होते, कार्डावरच्या चाचणीच्या शिक्क्यात ९५. कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून चिपवरून हलकेच फिरवला. बोळा काळा झाला आणि आकडे पुसट झाले. खालून दुसरीच छपाई डोकावू लागली.

दुरुस्तीत चिप बदलणे गुन्हा नाही. रंग फासून दुसऱ्याच चिपचे नाव छापणे ही वेगळी गोष्ट. कार्ड परत पाठवले. चाचणीनंतरच पैसे देण्याची अट आधी लिहून घेतली होती, म्हणून परत गेले. ती अट घालण्यात परचेसचा शहाणपणा होता, आमचा नाही, हे नोंदवायला हवे.

दुरुस्ती

दरम्यान मेलेले कार्ड दुरुस्तीला गेले होते. इथे आमची सर्वांत मोठी चूक झाली. ते ईप्रॉमसकट गेले, ईप्रॉमची प्रत न काढता. आणि जंपरचे (कार्डाची सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या जोडपिनांचे) फोटो न घेता.

ईप्रॉमच्या डोक्यावर क्वार्ट्झची छोटी काच असते. तिच्यातून अतिनील प्रकाश आत गेला की मजकूर पुसला जातो, म्हणून वर स्टिकर लावलेले असते. दुरुस्ती करणाऱ्याच्या मुलाने चिपचा क्रमांक वाचण्यासाठी दोन्ही स्टिकर सोलून काढली. फोनवर त्याने ते सहज सांगितले आणि मला काही क्षण बोलायला सुचेना. नंतर आठवले, चिप बनवणाऱ्यांच्याच माहितीपत्रकांत दिलेले असते की ट्यूबलाइटखाली मजकूर पुसायला साधारण तीन वर्षे लागतात आणि थेट उन्हात साधारण एक आठवडा. त्यांचे टेबल खिडकीपासून लांब होते. चिपा बचावल्या. पण तिन्ही चॅनेलचे फर्मवेअर जगात आमच्या माहितीप्रमाणे फक्त आमच्याच पॅनेलमध्ये होते, आणि त्यातली एक जोडी आठवडाभर उघड्या काचेने कोणाच्या तरी टेबलावर पडून होती.

त्यानंतर चिपा परत मागवल्या आणि युनिव्हर्सल प्रोग्रॅमरवर वाचल्या. एकेक चिप ३२ किलोबाइटची. साडेचार, पाच आणि साडेपाच व्होल्टवर तीन वेळा वाचून चेकसम (सगळ्या मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) ताडून पाहिले. पेशींमधला भार उतरू लागला असेल तर कमी-जास्त व्होल्टेजला एखादा बिट पलटी खातो आणि चेकसम बदलतो. तिन्ही वेळा तोच आकडा आला. प्रत काढली, नव्या चिपा भरल्या, मूळ चिपा काळ्या स्टिकरखाली कपाटात ठेवल्या. एकूण काम दीड तासाचे. २३ वर्षांत कधीही करता आले असते.

दुरुस्ती स्वतः चांगली झाली. कन्व्हर्टर मॉड्यूल बनणे बंद झालेले, पण तेवढ्याच पायांचे आणि त्याच व्होल्टेजचे दुसरे मिळाले. सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घेतले. पॅनेलमधल्या तापमानात त्यांचे आयुष्य केव्हाच संपले होते: दर १० अंशांना आयुष्य निम्मे, हा ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो आणि कपॅसिटर तरी कोणी बदलत नाही. सोल्डर जुनेच, शिशाचे वापरा असे लिहून दिले. जुन्या कार्डाचे जोड १८३ अंशांना वितळणाऱ्या सोल्डरचे आहेत. बिनशिशाच्या सोल्डरला त्याहून ३०-३५ अंश जास्त लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत जुन्या बोर्डाच्या पट्ट्या उचलल्या जातात.

कार्ड परत आले ते एका छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीसह. पुडीत चौदा जंपर होते. तपासणीच्या सोयीसाठी काढले म्हणे.

दुसरा निर्णय: कार्ड घ्यायचे की कपाटच

तिसऱ्या मार्गाचा माणूस शेवटी सापडला. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याच्या ओळखीतून कळले की याच वर्षांतला, याच कंट्रोलरचा एक सेट दुसऱ्या कारखान्यात चार वर्षे बंद आहे आणि भंगारात निघण्याच्या वाटेवर आहे. ब्रोकरना चौकशा पाठवण्याआधी हा फोन केला असता तर निम्मे प्रकरण वाचले असते.

त्यांची तयारी दोन कार्डे काढून द्यायची होती. आमच्यातही बहुतेकांचे तेच मत होते. मला पूर्ण पॅनेल हवे होते. माझा मुद्दा असा की कार्ड मिळाले तरी ते चांगले आहे हे तपासणार कुठे? आमच्या चालू मशीनवर? कार्ड तपासायला त्याच्या आजूबाजूचे सगळे लागते, म्हणजे बॅकप्लेन, पॉवर सप्लाय, प्रोसेसर आणि त्याच जातीच्या रिबन केबल. वजनाच्या भावाने जाणारे पॅनेल आणि दोन सुटी कार्डे यांच्या किमतीत फरक फारसा नव्हता, वाहतुकीचाच काय तो. वाद झाला. मोकळी जागा कुठे आहे, या प्रश्नावर तो बराच वेळ अडकला, आणि शेवटी जुन्या बॅटरी रूममध्ये जागा निघाल्यावर सुटला.

पॅनेल आले. लगेच वीज दिली नाही. चार वर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर पातळ होतो, एकदम पूर्ण व्होल्टेज दिले तर तो फाटतो. मालिकेत रेझिस्टर लावून व्होल्टेज पायरीपायरीने, दोन दिवस लावून चढवले. एक पॉवर सप्लाय तरीही गेला, दोन उभे राहिले. मग त्या पॅनेलला एक खरा एलव्हीडीटी मायक्रोमीटरच्या स्टँडवर बसवून जोडला, सर्व्होच्या कॉइलच्या जागी रेझिस्टर लावले, आणि आमचा टेस्ट बेंच तयार झाला.

या बेंचवर आमच्या २००३ च्या ‘नव्या’ कार्डाचीही शंका फेडून घेतली. आमच्या ईप्रॉमच्या प्रती त्यात भरल्या. कार्ड चालू झाले, हिरवा दिवा लागला, आकडेही आले. पण एलव्हीडीटी मायक्रोमीटरने सरकवला की वाचन मधल्या भागात बरोबर आणि टोकांना जवळपास दोन टक्के कमी. पुढच्या आवृत्तीत इनपुटची श्रेणी बदललेली असावी आणि जुन्या फर्मवेअरला त्याचा पत्ता नसावा. त्या दिवशी ते कार्ड घाईने पॅनेलमध्ये गेले असते, तर मधल्या लोडला काही दिसले नसते. पूर्ण लोडला व्हॉल्व्ह टोकाजवळ गेल्यावर तिसरा चॅनेल हळूच वेगळे बोलू लागला असता.

तिसरा निर्णय: कधी बसवायचे

दुरुस्त केलेले मूळ कार्ड बेंचवर ७२ तास चालवले. वाचन सरकले नाही. आता चालू मशीनवर बसवायचे की शटडाउनची वाट पाहायची? रचनेनुसार चालू मशीनवर बसवता येते, त्यासाठीच तर चॅनेल वेगळे केलेले आहेत. आमच्यातल्या तरुणांना तेच हवे होते. पण कार्ड बसवल्यावर सर्व्होच्या तिसऱ्या कॉइलची जोडणी आणि व्हॉल्व्हचे कॅलिब्रेशन पाहायचे तर व्हॉल्व्ह टोकापासून टोकापर्यंत हलवावा लागतो. ते चालू मशीनवर शक्य नाही. अर्धवट तपासलेला तिसरा चॅनेल घेऊन चालण्यापेक्षा, नीट चालणाऱ्या दोन चॅनेलवर आणखी काही आठवडे काढणे बरे, असे ठरले. बॉयलरच्या कामासाठी अडीच दिवसांचा शटडाउन आधीच ठरलेला होता, तोपर्यंत थांबलो.

या निर्णयाबद्दल मी आजही शंभर टक्के ठाम नाही. त्या आठवड्यांत दुसरा बिघाड झाला असता तर हेच वाक्य मला चौकशीत वाचून दाखवले गेले असते.

शटडाउनमध्ये काय झाले

पुडीतल्या चौदा जंपरांचा प्रश्न शिल्लक होता. मॅन्युअलमध्ये जंपरचे चित्र आहे, पण ते कारखान्यातून निघतानाचे. उभारणीच्या वेळी आलेल्या इंजिनिअरने त्यातले काही बदलले असणार. विकत घेतलेल्या पॅनेलच्या दाराच्या आतल्या कप्प्यात हाताने लिहिलेला जंपरचा तक्ता सापडला होता, पेन्सिलीने, दोन ठिकाणी खाडाखोड केलेला. पण तो त्यांच्या सेटचा. बेंचवर आम्ही तोच वापरला होता.

शटडाउनमध्ये कार्ड तसेच बसवले आणि तिन्ही चॅनेल चालू केले. एक सोडून सगळी इनपुट जुळली. एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे मधल्या टप्प्यातून काढलेल्या वाफेच्या, दाबाचा मिलिॲम्पिअर सिग्नल तिसऱ्या चॅनेलवर भलताच दिसत होता. आमच्या सेटला त्या इनपुटसाठी जंपरची जागा वेगळी होती, त्यांच्या सेटला एक्स्ट्रॅक्शनच नव्हते. मग पहिल्या चॅनेलचे कार्ड बाहेर काढले आणि शेजारी ठेवून जंपर जंपर ताडला. चौदापैकी एकच चुकीचा होता. खरा तक्ता इतकी वर्षे शेजारच्याच दोन चॅनेलमध्ये, चालू स्थितीत, बसून होता.

त्या दोन कार्डांचे फोटो त्याच दिवशी काढले. त्यांचे कपॅसिटरही बदलायला हवे होते, वेळ पुरला नाही. व्हॉल्व्हचे कॅलिब्रेशन झाले, तिन्ही कॉइलचा करंट सारखा वाटला गेला, मशीन वेळेवर उचलली.

निकाल

तिसरा चॅनेल तेव्हापासून चालू आहे. बॅटरी रूममधल्या पॅनेलमुळे बाकी कार्डांचे स्पेअर मिळाले आणि त्याहून मोलाचे म्हणजे ते तपासायची जागा मिळाली. पुढच्या वर्षभरात स्टोअरमधली कंट्रोलरची सगळी कार्डे एकेक करून बेंचवर चढवली. अकरापैकी चार उभी राहिली नाहीत. दोघांची आवृत्ती जुळत नव्हती, एकाचा कपॅसिटर सुकला होता, आणि एकात बॅटरी आतच भरलेली मेमरी चिप होती. अशा चिपेतली लिथियम बॅटरी साधारण दहा वर्षे धरते. हिची केव्हाच संपली होती आणि आतला मजकूरही. ताळेबंदात चारही ‘नवे’.

आणखी एक गोष्ट यातून वर आली, ती टर्बाइनच्या पॅनेलपेक्षा वाईट. जनरेटरचा एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) त्याच वयाचा आहे, आणि त्याला तीन चॅनेल नाहीत. ऑटो गेला की मॅन्युअल, मॅन्युअल गेला की ट्रिप. थायरिस्टरला पल्स देणाऱ्या कार्डाचा आमच्याकडे एकही स्पेअर नव्हता. तीन चॅनेलच्या पॅनेलवर सगळ्यांचे लक्ष होते, कारण ते अलार्म देते. एव्हीआर गप्प असतो. ऑपरेटरचा संगणक डॉसवर चालतो आणि त्यातले नेटवर्क कार्ड आयएसए स्लॉटचे. त्याच्या हार्ड डिस्कची प्रत त्याच आठवड्यात काढली.

आज पुन्हा करायचे झाले तर

पहिला फोन अशी मशीन चालवणाऱ्या कारखान्यांना करेन, आणि बाजारात एकाच माणसामार्फत एकच चौकशी पाठवेन. चालू मशीनच्या पॅनेलमधून कार्ड काढण्याआधी अर्ध्या तासाची का होईना बैठक घेईन. दुरुस्तीला पाठवताना ईप्रॉम काढून घेईन, जंपरचे फोटो काढेन आणि ‘जंपर हलवू नयेत’ अशी चिठ्ठी कार्डालाच बांधेन.

अप्रचलित होणाऱ्या भागांच्या नियोजनासाठी आयईसी ६२४०२ हे मानक आहे. २००७ साली ते मार्गदर्शक म्हणून आले, २०१९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. भाग बाजारातून जाण्याआधी त्याच्यावर लक्ष ठेवा, हा त्याचा गाभा. आम्ही ते प्रकरण मिटल्यावर वाचले. त्यातले किती आम्हाला आधी पेलले असते, सांगता येत नाही. पण कंपनीची पत्रे व्यक्तीच्या नावाने न येता विभागाच्या पत्त्यावर यावीत, एवढी एक गोष्ट केली असती तरी २००३ च्या डब्यावर इतकी भिस्त राहिली नसती. ती आता केली आहे.

स्टोअरच्या नोंदीतही बदल केला. कार्डाच्या प्रत्येक नोंदीत आता पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरांसह, ईप्रॉमचा चेकसम, जंपरचा फोटो आणि बेंचवर शेवटची चाचणी केव्हा झाली ती तारीख आहे. तारीख नसेल तर शिल्लक शून्य धरायची. हिशेब विभागाला हे पटवायला कार्ड दुरुस्त करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

नवा कंट्रोलर मंजूर झाला आहे आणि पुढच्या मोठ्या ओव्हरहॉलमध्ये बसेल. जुने पॅनेल भंगारात घालायचे नाही असे ठरले, कारण गेल्या महिन्यात एका अनोळखी कारखान्यातून फोन आला. त्यांचेही तेच ॲनालॉग कार्ड गेले आहे, दोन चॅनेलवर चालले आहेत. त्यांनी भाग क्रमांक सांगितला, फक्त मधला भाग. शेवटची अक्षरे विचारली तर म्हणाले, ती पाहायला पॅनेल उघडावे लागेल, आणि पॅनेल आता शटडाउनलाच उघडता येईल.